थोरल्या साडूंचा मुरगळलेला पाय

दारव्ह्यात माणूस आजारी पडला आणि आमचे थोरले साडू त्याला पाहायला गेले नाहीत, असं आजवर एकदाही झालेलं नाही. डॉक्टर उशिरा येतील, साडू मात्र ताप नीट चढायच्या आत उशाशी खुर्ची ओढून बसलेले. बाळंतपण असो, मूळव्याध असो, नाहीतर यवतमाळच्या दवाखान्यातलं ऑपरेशन असो, एस.टी.त उभ्यानं जातील, पण जातील. आणि धीर द्यायची तऱ्हा तर विचारूच नका. माझ्या हर्नियाच्या वेळी म्हणाले, "घाबरू नका. आमच्या मामालेबी हेच झालतं. लय चांगला मानूस होता." त्यानंतर ते उठेपर्यंत मी डोळे मिटून पडलो होतो.

असे हे साडू रोज सकाळी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळतात. वय अठ्ठावन्न, आणि पोट त्यांच्या दोन पावलं पुढे. गेल्या हिवाळ्यात एक चेंडू हाणायला त्यांनी उडी घेतली. चेंडू अलीकडेच राहिला, साडू जाळीखालून पलीकडे गेले आणि पाय मुरगळला. एक्स-रे निघाला. हाड शाबूत आहे म्हटल्यावर घरच्यांनी देवाला हात जोडले, साडूंचं मात्र तोंड उतरलं. "नीट पाहा ना डॉक्टर," ते म्हणाले, "केसाएवढी तरी चीर असन." डॉक्टरांनी पट्टी बांधून चार दिवस बसून राहायला सांगितलं.

आता अख्खं दारव्हा आपल्याला पाहायला लोटणार, याबद्दल साडूंना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी दिवाण पुढच्या खोलीत आणवला, पाय रस्त्यावरून दिसेल असा दोन लोडांवर चढवला, पट्टी किरकोळ दिसते म्हणून वरून टॉवेल गुंडाळला. शेजाऱ्यांकडे चार खुर्च्या मागितल्या. त्यांनी त्या कंपाउंडवरूनच दिल्या. चहासाठी दोन लिटर दूध जास्त सांगितलं. दाराशी गाडी थांबली की हे कण्हायला सुरुवात करत. पहिल्या दिवशी एकच माणूस आला, सिलिंडरवाला. त्याला बसवून साडूंनी पहिल्या सर्व्हिसपासून अख्खी मॅच ऐकवली. दुसऱ्या दिवशी तर कोणीच नाही. दुधाची बासुंदी झाली, नातवंडांनी ती दोन्ही वेळा चापली आणि साडूंनी जेवण सोडलं.

तेव्हा बायकोच्या ताईंचा फोन आला. खोटं कशाला बोलू, मुरगळलेल्या पायात पाहायचं काय, म्हणून मीही टाळतच होतो. बायकोनं हाकललं म्हणून तिसऱ्या दिवशी डझनभर केळी घेऊन यवतमाळहून निघालो. दारव्ह्याच्या स्टँडवर दोघं ओळखीचे भेटले, त्यांना विचारलं, साडूंना पाहायला गेलात का. एक म्हणाला, ते घरी सापडतात कधी, असतील कोणाच्या तरी उशाशी. दुसऱ्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, आपण गेलो तर पुढच्या तापाला ते दोनदा येतील.

मला पाहताच साडू कण्हायचंच विसरले. डोळे भरून आले त्यांचे.

"इतक्या लोकाईले पाहून आलो मी," ते म्हणाले. "माह्यावाला पाय कोनालेच नाई दिसला काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॉवेल सोडून मी तो पाय पुढून मागून पाहिला, होती त्याच्या दुप्पट सूज आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी माझ्याच केळ्यांतली चार केळी खाल्ली.

गेल्या महिन्यात मला टायफॉइड झाला. साडू यवतमाळला आले. या खेपेला त्यांनी नेहमीसारखा काढा सांगितला नाही, कोणाचं उदाहरण दिलं नाही. संत्रं सोलून एकेक फोड हातात देत तासभर नुसते बसून राहिले. शेवटच्या गाडीची वेळ झाली तसे उठले, चपला घातल्या आणि दारातूनच विचारलं, "अजून कोन आलतं तुमाले पाहाले?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

त्यांनी चपला काढल्या आणि परत येऊन बसले. म्हणाले, "गाडीचं काय, सकाळीबी असते."