सात नंबरचं दार

पेण गावातल्या लोकांच्या डोक्यात कमळाकर पहिल्यापासून जायचा, आणि त्याच्या डोक्यात पेणकर. सारं घराणं गणपतीच्या कारखान्यात राबत असताना हा गडी घरामागच्या पडवीत बसून लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचा, तिला शाई फासायचा, वर कागद ठेवून दाबायचा आणि तीस प्रती निघाल्या की थांबायचा. थांबायचा म्हणजे थांबायचाच, मग समोर कुणी हात जोडून उभा राहिला तरी. प्रत्येक प्रतीखाली डावीकडे पेन्सिलीनं आकडा, १/३०, २/३०, आणि उजवीकडे सही. ही तिसांतली कितवी, आणि ही मी माझ्या हातानं काढली, एवढंच त्या दोन खुणा सांगायच्या. ते लोकांच्या टाळक्यात शिरायचं नाही. "शेवटी झेरॉक्सच ना?" असं कुणी म्हटलं की त्याला चहा न विचारता दार दाखवलं जायचं.

तीस झाल्या की फळीवर आडवा चर मारायचा, म्हणजे एकतिसावी निघायची सोयच उरत नाही. हा या कामाचा नेम. गिऱ्हाइकाला तो हे छाती पुढे काढून सांगायचा. आणि इथंच त्यानं माती खाल्ली. कारण चर त्यानं एकाही फळीवर मारला नव्हता.

मूर्तिकाराच्या घरात साचा मोडत नाहीत. झिजला तरी माळ्यावर ठेवतात, दसऱ्याला खाली काढून हळदकुंकू वाहतात. कमळाकरची आई धोंडुबाई फळ्यांनाही साचेच समजायची. पहिल्याच फळीवर त्यानं पटाशी टेकवली तेव्हा ती आडवी आली होती. "ज्याच्यावर जगायचं त्याच्यावर हत्यार चालवतंस?" कमळाकरनं पटाशी खाली ठेवली. साऱ्या गावाशी भांडणारा माणूस आईपुढे मऊ पडला, आणि गिऱ्हाइकाला मात्र 'फळी कापली' असंच सांगत राहिला.

त्या गिऱ्हाइकांत एक एलियास होता. रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत त्याचं घर, पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा. ज्यू असल्यानं शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. घाणा कधीच मोडला, भाऊबंद इस्राएलला गेले, आता मुलगी लीया त्यालाही दिवाळीनंतर कायमचा बोलवत होती. घर विकलं गेलं होतं. घेणारा ते पाडणार होता. म्हणून एलियासनं कमळाकरकडून घराच्या दाराचं चित्र करून घेतलं: चौकटीवर तिरकी ठोकलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली मेझुझाची डबी, उंबऱ्याशी झिजलेला दगड. "मला सातवी प्रत दे," तो म्हणाला होता. "शनवार सातवा. आमचा दिवस." ती प्रत रोह्याला पोचवायला कमळाकरनं धाकट्या भावाला, विशालला दिली. विशाल कारखाना चालवायचा आणि मूर्ती द्यायला तिकडेच निघाला होता.

नंतर एके सकाळी एलियास पडवीच्या दारात येऊन उभा राहिला. चपलाही काढल्या नाहीत.

"पेणच्या अलीकडं गडबला चहाला थांबलेलो," तो म्हणाला. "हाटेलात हात धुवायला गेलो. बेसिनच्या वर माझं दार. खाली सात. तुझी सही."

"शक्य नाय, एलियासभाऊ."

"लोक त्याच्याखाली चुळा भरतात, कमळाकर. तू फळी कापली म्हणालेलास ना? व्हय का नाय, तेवढं सांग."

कमळाकरची नजर वर गेली. माळ्यावर ती फळी आख्खी पडली होती, दसऱ्याचं कुंकू लागलेली. एलियास तसाच माघारी वळला.

कमळाकर तडक कारखान्यात गेला आणि विशालची गचांडी धरली. रंगवणाऱ्या बायका ब्रश धरून बघत राहिल्या. विशाल घाबरला नाही, उलट त्याला खरोखर नवल वाटलं.

"साचा घरचा हाय, दादा. घरच्या साच्यातून काढलं तर चोरी कशी? हाटेलवाल्यांना आवडलं, दिल्या काढून."

"आणि सही?"

"हजार गणपतींचे डोळे आखतो मी. तुझी सही काय अवघड हाय?"

"आणि सात का टाकलास?"

"मग सगळ्यांवर काय टाकू? रोह्याला नेली तिच्यावर सात होता. मोबाइलवर फोटो होता. एका साच्याची मूर्ती, एकच नंबर. मूर्तीच्या पाटाखाली आपण तोच तर कोरतो."

या गाढवानं चोरीसुद्धा इमानदारीनं केली होती. कमळाकरला संताप आवरेना, आणि तो सगळाच विशालवर काढता येईना, म्हणून आणखीच संताप आला. गचांडी सोडून तो घरी आला, माळ्यावर चढला आणि फळी खाली घेतली.

"नको रे," धोंडुबाई म्हणाली.

"आये, बाजूला हो."

पटाशीवर हातोडी पडली. चर मेझुझा तोडून, दाराच्या मधून तिरका उंबऱ्यापर्यंत गेला. धोंडुबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली आणि पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. कमळाकरनं चिरलेल्या फळीला शाई लावून एक प्रत काढली. फळी कापल्याचा पुरावा म्हणून अशी प्रत काढतात, तिला तिसांतला नंबर नसतो. ती गुंडाळून, फळी गोणत्यात घालून तो एसटीनं रोह्याला गेला.

अष्टमीतल्या घरात सामान बांधलेलं होतं. भिंतीवर फक्त ती सातवी प्रत राहिली होती. एलियासनं त्याला बस म्हटलं नाही. नवी प्रत उलगडून त्यानं तिच्यावरचा पांढरा चरा बघितला.

"माझं दार चिरलंस," तो म्हणाला.

"आता कापलीय. खरंच कापलीय. ही अशी एकच काढली."

"कशावरून?"

कमळाकरनं गोणतं उघडून फळी त्याच्यापुढे ठेवली. एलियासनं चरातून अंगठा फिरवला. मग उठून भिंतीवरची सातवी प्रत उतरवली आणि कमळाकरच्या हातात दिली.

"ही घेऊन जा."

"ही माझीच हाय, भाऊ. माझ्या हातची. हाटेलातली विशालनं काढली."

"असंल. मला नाय ना कळत आता. तिकडं रोज भिंतीकडं बघून तोच विचार करत बसू?" फळी त्यानं उचलून बांधलेल्या सामानावर ठेवली. "ही मी नेतो. तू जा, कमळाकर. निरोप द्यायला येऊ नको."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पेणच्या गाडीत कमळाकरला खिडकी मिळाली. मांडीवर चौकटीतली सातवी प्रत, काचेची बाजू वर. ती त्यानं स्वतः काढली होती, आकडा स्वतः घातला होता, सही स्वतः केली होती. ती भिंतीवरून उतरताना त्यानं डोळ्यांनी बघितली होती. पण मधे ती विशालच्या हातातून गेली होती. नागोठणं मागं पडलं. गडबच्या त्या हॉटेलापुढे गाडी जरा हळू झाली तेव्हा कमळाकर चौकट उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून, सहीतलं एकेक अक्षर तपासत होता.