साडूंनी लॅपटॉप साफ केला

आमच्या साडूंइतका नीटनेटका माणूस चाकणपासून दापोडीपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडू नये अशीच आमच्या सगळ्या सासरवाडीची इच्छा आहे. चाकणच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर. प्रत्येक वस्तू जागच्या जागी आणि नको ते बाहेर, ही तिथली शिस्त त्यांनी मोशीच्या दोन खोल्यांत जशीच्या तशी आणली. डब्यांना लेबलं, चपलांसाठी फरशीवर पिवळे चौकोन. देवघरातल्या देवांनाही लेबलं लागायची, पण ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, लाटणं उगारलं म्हणून देव वाचले. वापरात नसलेल्या वस्तूला ते लाल चिठ्ठी चिकटवायचे. एकदा चिखलीला जाऊन सासूबाईंच्या पाट्या-वरवंट्यालाच चिकटवली. "ह्यांचा तरी काय उपेग हाय घरात?" असं पुटपुटत म्हातारीनं तीच चिठ्ठी गुपचूप जावयाच्या पाठीला लावली, आणि हे तसेच कंपनीच्या बसला जाऊन उभे राहिले.

कंपनीनं लॅपटॉप दिला आणि खानदानातले सगळे फोटो-व्हिडिओ त्यात जायला लागले. "कंपनीचा पासवर्ड आहे राव, कुणाची बिशाद!" समारंभ आटोपला की हे वायर घेऊन पंगतीतून फिरणार, ज्याच्या त्याच्या मोबाइलमधला ऐवज आपल्याकडे घेणार, आणि वर त्याच्या मोबाइलमधून पुसूनही टाकणार. "एकच वस्तू दोन ठिकाणी कशाला?" मग नावं द्यायची: 'बारसं-रडणं', 'बारसं-जेवण', 'बारसं-रुसवे'. आम्ही हसायचो, पण द्यायचो. सासऱ्यांचा शेवटचा व्हिडिओ तर साडूंनीच काढलेला. चिखलीच्या विकलेल्या शेतावर आता सोसायटी उभी आहे. तिच्या पार्किंगमध्ये उभे राहून सासरे सांगत होते, "हितं आपली विहीर व्हती." महिन्याभरात ते गेले. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता.

मग कंपनीचं फर्मान निघालं: ऑडिट आहे, लॅपटॉपवर घरगुती काही दिसता कामा नये. लॅपटॉप आणि साडूंचा मोबाइल एकाच खात्याला जोडलेले, त्यामुळे तेच सगळं मोबाइलवरही दिसत होतं. चला, तिथं एक प्रत आहेच, असं समजून साडूंनी लॅपटॉपवरचं सगळं उडवलं. भरलेली कचरापेटी ऑडिटला बरी दिसत नाही म्हणून तीही रिकामी केली. चहाच्या सुट्टीत मोबाइल उघडला तर तिथंही शुकशुकाट! इकडं पुसलं की तिकडूनही जातं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला फोन आला. "साडूभाऊ, गेलं हो सगळं." कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्यांनीही हात टेकले.

त्यानंतर त्यांचं चिखलीला येणंच बंद झालं. कधी ओव्हरटाइम, कधी पाठ धरलेली. सासूबाईंना सांगायची छाती आमच्यातही कुणाची झाली नाही.

वर्षश्राद्धाला मात्र आले, आणि दारात चपलांपाशी बसले. जेवणं झाली तशा सासूबाई म्हणाल्या, "दाखवा की रं ते. ह्ये बोलत्यात ते." घरभर माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि एकाकडंही त्या माणसाचा आवाज नाही! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडू उठले. हात जोडून म्हणाले, "आई, माझ्या हातनं पुसलं गेलं. आता कुठंच नाही."

"परत येत न्हाई व्हय?"

"नाही." आणि एवढा बाप्या माणूस सगळ्यांदेखत हुंदके द्यायला लागला.

म्हातारीनं पदर खोचला. मग म्हणाली, "उठा जावईबापू. चला, मला ठावं हाय."

आम्ही सगळे त्या पार्किंगमध्ये गेलो. वॉचमन बघतच राहिला. एका पांढऱ्या गाडीपाशी थांबून सासूबाई म्हणाल्या, "हितं व्हती आपली विहीर." मी साडूंना म्हटलं, "काढा की व्हिडिओ." आजवर दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये काहीही राहू न देणारे साडू म्हणाले, "मी नको. तुम्ही काढा, आणि लगेच सगळ्यांना पाठवा."

मी काढला. पण मला आठवतं तसं सासरे त्या दिवशी जिन्यापाशी उभे होते. बायको म्हणते, गेटपाशी. खरं काय ते साडूंनाच ठाऊक असणार. मी हळूच विचारलं, "इथंच होती ना हो विहीर?"

वीतभर सरकलेल्या डब्यावरून घर डोक्यावर घेणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "आई म्हणतात तिथंच होती."