पट्टी काही चमकेना

गल्लीत त्याला सगळे आरसेबुवा म्हणत. जुन्या मोटारींच्या दारांवरच्या, काचांभोवतीच्या स्टीलच्या पट्ट्या तो उतरवायचा, मागून हलक्या हाताने ठोकून पोचे काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि बफच्या फिरत्या चाकावर धरून अशा लखलखीत करायचा, की गिऱ्हाईक गाडी बघायचं सोडून स्वतःचा भांग नीट करत बसे. कामात कुणी खोट काढलेली त्याला मुळीच खपत नसे. एकाने "इथं जरा पुसट वाटतंय" म्हटलं, तर त्या बिचाऱ्याला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता मिळाला.

अशा या माणसाकडे बायकोच्या थोरल्या भावाने वडिलांची जुनी गाडी आणली, हेच नवल. बहिणीने 'पत्रे घासणाऱ्याशी' लग्न केलं म्हणून दादा इतकी वर्षं तिच्या घरी फिरकले नव्हते. पण गावात हे काम करणारा दुसरा कुणी उरलाच नाही, मग करतात काय? आले मुकाट्याने. काम बघायला म्हणून रोज संध्याकाळी येऊ लागले, आणि वर्कशॉपच्या मागेच घर, तेव्हा चहाला आतही बसू लागले. बायकोच्या तोंडी पुन्हा 'आमचा दादा' सुरू झालं. ती कामं करता करता गुणगुणायला लागली. आरसेबुवाला मात्र एकच ध्यास: काम असं करायचं, की या गृहस्थांची बोलती बंद झाली पाहिजे.

आणि नेमकी याच गाडीची पट्टी चमकेना! सकाळी आरशासारखी करून झाकून ठेवावी, संध्याकाळी दादांसमोर ऐटीत कापड काढावं, तर पट्टी मंद, बारीक ओरखड्यांनी भरलेली.

"असू द्या, जावईबापू. आपल्याला कुठे घाई आहे?" म्हणत दादा आत जाऊन बसायचे.

आरसेबुवाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याने बफ बदलला, पॉलिशची वडी बदलली, दमट हवेला शिव्या घातल्या. शेवटी आपलाच हात गेला या धास्तीने त्याला जेवण जाईना.

एका दुपारी डोळ्याला डोळा लागेना म्हणून तो वर्कशॉपमध्ये आला. बघतो तर बायको पट्टीवर ओणवी, हातात भांडी घासायची तारेची घासणी.

"अगं ए! हे काय चाललंय?"

"ओरडू नका. काम संपलं की दादा कशाला येतोय इथं?"

"मग मला सांगायचं तरी! इकडे मी म्हातारा झालो समजून खंगत चाललोय."

"सांगितलं असतं, तर तुम्ही मुद्दाम वाईट काम केलं असतं?"

तेवढं मात्र त्याला खरोखरच जमलं नसतं.

पण घासून घासून सासऱ्यांच्या गाडीची पट्टी संपवायची का? त्याने त्याच दुपारी सगळ्या पट्ट्या चमकवून गाडीला बसवल्या. बायको आत रुसून बसली. त्यालाही वाईट वाटत होतंच.

संध्याकाळी दादांनी गाडीभोवती चक्कर मारली. "झाली म्हणायची."

"झाली."

दादांचा चेहरा उतरला. ते घुटमळले, घराच्या दाराकडे बघत राहिले. मग आरसेबुवाच्या डोळ्यांदेखत त्यांनी अंगठा पट्टीवर घट्ट दाबला आणि उचलला.

"इथं डाग दिसतोय," ते खाली मान घालून म्हणाले.

आरसेबुवाने अंगठ्याच्या त्या ठळक ठशाकडे पाहिलं. ओठांवर आलेला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता गिळला.

"दिसतोय खरा. माझंच चुकलं, दादा. उद्या परत यावं लागेल तुम्हाला."