लग्नापर्यंत जरा उजळवा!

पार्लरमधले किस्से आणि खुर्चीखालचे केस, दोन्ही सारखेच. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी ढीग! बजाजनगरला पार्लर चालवते म्हटल्यावर मला आता कशाचंच नवल वाटत नाही, असं मी समजत होते. यंदाच्या उन्हाळ्यानं तो समज पार धुऊन काढला.

माझी भाची वैशाली सिल्लोडची. साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी लई गुणाची हाय, पण लग्नापर्यंत जरा उजळवा." मला असा राग आला! पोरगी मात्र घाबरली. लग्न मोडतंय की काय म्हणून बॅग भरून थेट माझ्याकडं आली.

मी समजावलं, "अगं, ऊन लागलं की कातडी स्वतःला वाचवायला जास्तीचा रंग तयार करते. तो टॅन. तो उतरतो. जन्माचा रंग नाही उतरत."

"मंग टॅन तरी उतरव ना, आत्या!"

*

समोरच्या काकूंना टॅन काढायचा पॅक लावला आणि मी फोन घ्यायला वळले. बघते तर खुर्ची रिकामी! शोधून शोधून वर गेले, तर काकू गच्चीवर, भर दुपारी, उन्हाकडं तोंड करून बसलेल्या.

"काकू! उन्हानंच काळवंडलात ना?"

"व्हय. पण पॅक उन्हात लवकर वाळतो की!"

*

एक बाई नवऱ्याला ओढतच घेऊन आली. तो बिडकीनला टेम्पो चालवतो. "ह्याचा फक्त उजवा हात गोरा करा."

उजवा हात खिडकीत राहून राहून काळाकुट्ट, डावा मात्र गव्हाळ. मी म्हटलं, "राहू द्या ना, काय बिघडतं?"

"झोपेत ह्यो हात अंगावर पडला की दचकते वो मी! परका माणूस वाटतो!"

*

नेमकी वैशाली लग्नाच्या खरेदीला गेली होती, त्या दिवशी वेरूळ पाहून आलेली एक परदेशी बाई आली. तिला फक्त पायांचं वॅक्सिंग हवं होतं. पण हात दाखवून ती कौतुकानं "टॅन, टॅन" म्हणाली आणि माझ्या हाताखालच्या रुखसानानं स्क्रबनं तिचा एक हात घासून पांढराफटक केला. बाई किंचाळलीच! पर्समधून ट्यूब काढून दाखवली. तो रंग उन्हाचा नव्हताच, टॅनिंग क्रीमचा होता. वरवरच्या मेलेल्या कातडीवर चढतो, घासला की जातो.

रुखसाना मटकन खाली बसली. "या अल्ला! ये लोगां पैसे देके काले होते?"

*

लग्नाच्या दिवशी सकाळीच कार्यालयातल्या नवरीच्या खोलीतून वैशालीचा फोन. नुसतं रडणं. धावत गेले, तर पोरगी तपकिरी! पितळेचं भांडं आठ दिवस घासलं नाही की होतं, तशी. उशाला ट्यूब: टॅनिंग क्रीम.

"टॅनिंगची क्रीम म्हणजे टॅनिंग काढायचीच ना, आत्या? ऑनलाइन मागवली. हळद धुतल्यावर भरपूर लावली!"

रंग ताजा होता. घासला तर चट्टे पडले. मेकअपचे थर दिले, तरी मान वेगळी आणि तोंड वेगळं. आमच्या वहिनी, म्हणजे तिची आई, देवाचा धावा करत होत्या. वैशाली म्हणाली, "आता सासूबाई मांडवातूनच परत जाणार."

मंगलाष्टकं संपली. मी तिच्या मागंच उभी होते. अंतरपाट दूर झाला आणि सासूबाईंचा हात तोंडावर गेला. त्या वैशालीकडं बघतच नव्हत्या. मुलाकडं बघत होत्या. सकाळपासून तोंडावर धरलेला रुमाल त्यानं आता कुठं काढला होता.

नवरदेव हार घालायला वाकला आणि हळूच म्हणाला,

"तू पण ऑनलाइनच मागवली का?"