सुवर्णाअक्कांचा माळ

सुवर्णाअक्का चहा उभ्यानंच प्यायच्या. भवानी पेठेतल्या त्यांच्या चादरींच्या दुकानात गिऱ्हाईक निवांत बसलेलं असायचं आणि अक्का मात्र या कपाटापासून त्या कपाटापर्यंत येरझाऱ्या घालत असायच्या. मी पहिल्यांदा गेलो तो आहेराची चादर घ्यायला. ती बांधता बांधता त्यांनी विचारलं, "रविवारी काय करलालाव?"

"काही नाही."

"मग बसून बसून गंज चढतंय की! माळावर या."

सोलापूरबाहेर एका गावाचं गायरान होतं, गवताचा मोठा माळ. दर रविवारी आम्ही काही जण तिथल्या पायवाटेवरच्या बाटल्या, पिशव्या उचलायचो, माजलेली वेडी बाभूळ उपटायचो. उन्हाळ्याआधी गवताचा रुंद पट्टा कापून ठेवायचो, म्हणजे वणवा लागला तरी पुढं सरकत नाही. कुणी कमरेवर हात ठेवून जरा थांबलं, की मागून अक्कांची कानडी हाक यायची, "नडी, नडी!" म्हणजे चला, चला.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर एका कारखानदारांनी माळावर झाडं लावायचं ठरवलं. रोपं, कुंपण, सगळं त्यांच्याकडून. आम्ही खूश. दुकानातल्या बैठकीत अक्का तेवढ्या चादरीची घडी घालत होत्या, मोडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गवत म्हणजे रिकामी जागा वाटतंय का तुमाला? साहेबांना माळावर घेऊन चला. आत्ता."

भर उन्हात आम्ही पोचलो. खड्ड्यांसाठी फक्कीच्या खुणा केलेल्या होत्या. गावातला बिरूमामा मेंढ्या घेऊन उभा होता. "कुंपण घातलं तर ह्या कुटं न्यायच्या, साहेब?" त्यानं विचारलं. अक्कांनी एका खुणेजवळ वाकून गवत हलकेच बाजूला केलं. आत चंडोलाचं घरटं, त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. वर पक्षीण जीव तोडून ओरडत होती.

"झाड मलापण आवडतंय की. पण हिचं घर झाडावर न्हाई, हितं हाय. रोपं शाळेच्या रस्त्याला लावा. पाणी मी घालते."

साहेबांनी घाम पुसला. "लोकांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

रोपं शाळेच्या रस्त्याला लागली. पण 'झाडांची वैरीण' हे नाव अक्कांना चिकटलं. गटातले कितीतरी जण यायचे बंद झाले. अक्कांची भाची कविताही. ती येणार नाही हे कळलं त्या दिवशी अक्का गाडीत नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. तरी पुढच्या रविवारी आमच्याआधी माळावर हजर!

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी घरी सोडताना हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण दुकानामागच्या खोलीत पांघरुणाखाली पाय सारखे चाळवत होते. उशाशी कविता होती.

"पट्टा कापून झाला का?" अक्कांनी मला विचारलं.

"अर्धा राहिलाय."

"मग माझ्याजवळ बसून काय करलालाव? ऊन लई वाढलंय."

कविता उठली. "मी जाते यांच्याबरोबर, अक्का." अक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. डोळे भरले होते.

आम्ही गवत कापत असतानाच कविताचा फोन वाजला. अक्का गेल्या होत्या. कविता विळा टाकून मटकन खाली बसली. आमचेही हात थांबले. बिरूमामानं डोळे पुसले, माळाकडं पाहिलं आणि म्हणाला, "वारं सुटलंय. थोडंच राहिलंय, एवढं उरकू. मग जाऊ अक्कांकडं."

कवितानं विळा उचलला. पट्टा पलीकडच्या बांधाला भिडेपर्यंत कुणी थांबलं नाही. मग कपड्यांतली कुसळंसुद्धा न काढता आम्ही भवानी पेठेकडं निघालो.