वाकडं रुखवत

आमच्या आखाडा बाळापूरच्या आसपासच्या ज्या ज्या पोरी गेल्या काही वर्षांत सासरी गेल्या, त्या सगळ्या भारी कलावंत निघाल्या. काड्यापेटीच्या काड्यांची बैलगाडी केली नाही, मण्यांचा हंस ओवला नाही, नारळाला नाकडोळे लावून नवरी सजवली नाही, अशी एक पोरगी दाखवा. प्रत्येक रुखवतावर पाटी असतेच, ‘चि. सौ. कां. हिने स्वहस्ते केले’. आता एवढ्या पोरींचे स्वहस्त एकाच बाईच्या खांद्याला कसे फुटले, हे विचारण्याइतका उद्धट पाहुणा अजून आपल्याकडं जन्मला नाही. ती बाई म्हणजे मी.

वारंगा फाट्यापासून कळमनुरीपर्यंत ज्या मांडवात डीजे वाजला, तिथं माझा हंस पोहलाय. या सगळ्या हंसांनी एके दिवशी पंख उघडले, तर इसापूरच्या धरणावर बाहेरदेशीच्या पाखरांना टेकायला जागा उरायची नाही.

धंदा घरातच असल्यामुळं घर धंद्यातच असतं. आणि आमच्याकडं लग्नसराईही त्याच दिवसांत येते, ज्या दिवसांत शेतातली हळद काढायची आणि शिजवायची असते. मालक दिवसभर हळदीच्या कढईपाशी, मी दिवसभर डिंकापाशी, आणि संध्याकाळी दोघं समोरासमोर बसलो की कोण पिवळं जास्त आणि कोण चिकट जास्त हे ठरत नसे. चमकीचं तर विचारूच नका. ती भाकरीत असायची, उशीत असायची, म्हशीच्या पाठीवर असायची. मालक एकदा हळद घेऊन बाजारात गेले, तर व्यापाऱ्यानं त्यांच्या मिशीकडं पाहून विचारलं, “वरात कुठवर आली, नवरदेव?”

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या धंद्याला ‘कागदं फाडणं’ म्हणत. एकदा मी सुपारीचा नवरदेव केला. मिशा काढल्या, जरीचा फेटा बांधला, देवळीत वाळत ठेवला. दुपारी बघते तो आत्याबाईंनी त्याला अडकित्त्यात धरलेलं.

“काहून गं,” त्या म्हणाल्या, “आजकाल सुपारीला मिशा काहून येऊन राहिल्या?”

मी ओरडेपर्यंत फेटा जमिनीवर आणि नवरदेव पानात. त्या रुखवतात नवरीशेजारी ऐन वेळी दुसरा नवरदेव उभा करावा लागला. नवरीनंही काही तक्रार केली नाही.

तर अशा घरात आमच्या लेकीचं लग्न जमलं. ती नांदेडला औषधांचं शिक्षण घेतलेली. कुठली गोळी कुठल्या रोगावर, हे झोपेत सांगेल, पण सुईत दोरा ओवायला दिला की सुईकडं असं बघते, जणू तीच पेशंट आहे. सुपारी फोडायच्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासूनं, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, चहाची बशी खाली ठेवत सांगितलं, “मानपानाचं आमचं काही न्हाई बघा. पण रुखवत पोरीच्या हातचं पायजे. थोरल्या सुनंचं विकतचं निघालं व्हतं. अजून म्या तिला ऐकवून राहिले.”

थोरली सून तिथंच बसलेली. तिनं मान खाली घातली, आणि ती किती सरावानं घातली ते आम्हाला सगळ्यांना दिसलं.

मी छातीवर हात मारून बोलले, “जिल्ह्यानं पाह्यलं न्हाई असं रुखवत मांडीन, विहीणबाई. माझी पोरगी मांडंल, म्हंजे.”

पाहुणे गेल्यावर लेक माझ्याजवळ आली. “आई, तू आजवर सगळ्यांचं केलंस, माझं एवढं नीट कर. बाकी काही का होईना, पण जन्मभर ऐकायचं न्हाई मला.”

आता आईचे हात म्हणजे विकतचे हात होत नाहीत. रक्त एक, मग बोटं वेगळी कशी धरायची? हा विचार मला इतका पटला की मी जन्मात पहिल्यांदा घरच्याला आधी घेतलं. वारंगा फाट्याकडची एक ऑर्डर हातात होती, पण ते लग्न आमच्यानंतरचं होतं. ती बाजूला सारली आणि लेकीचं रुखवत करायला बसले.

काय केलं म्हणून सांगू! औंढ्याचं अख्खं देऊळ तांदळाच्या दाण्यांचं केलं, असं की आमच्या दारावरून जाणारे लोक चपला काढायला लागले. विहीर केली, तिला रहाट, रहाटाला पोहरा, पोहऱ्यात खरं पाणी. चिमण्या ते प्यायला यायच्या. आरशांचा हत्ती केला, तो दारात उन्हाला ठेवला तर पलीकडच्या गल्लीतल्या बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या. हे सगळं आतल्या खोलीत खोक्यांत भरलं, कुलूप लावलं, किल्ली आत्याबाईंजवळ दिली आणि लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिघं, मी, मालक आणि लेक, नांदेडला गेलो.

दिवसभर साड्या उलगडून परतलो तर आत्याबाई ओसरीवर पान लावत बसलेल्या. चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा.

“देऊन टाकलं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आतल्या खोलीतलं. फाट्याकडचा माणूस आला व्हता टेम्पो घेऊन. त्याचा जावई फौजेत हाय, सुट्टी कमी झाली म्हनं, लग्न अलीकडं आलं. पार उद्यावरच. बिचारा तोंडात उपरणं कोंबून रडून राहिला हितं, या पायरीवर.”

“आत्याबाई, ते आपल्या पोरीचं व्हतं!”

“मला काय ठाव न्हाई व्हय? पर दारात आलेला म्हंजे पाव्हणा. पाव्हण्याला वरचं वाढावं, घरच्यानं खरवड खावी. या घरात म्या तेच केलं, तुला बी तेच शिकवलं. आज काय नवीन झालं?”

ही बाई पन्नास माणसं जेवून गेल्यावर पातेल्याच्या तळाची भाजी पाण्यात कालवून खाणारी. पाहुण्याच्या ताटात पापड मोडका गेला, तर तिला तीन पिढ्या नरकात दिसतात. तिनं धंदाही स्वयंपाकासारखाच चालवला, यात तिची चूक काढायला मला सबंध मराठवाड्याची चूक काढावी लागली असती. मालकांनी त्या माणसाला फोन लावायला मोबाइल काढला आणि तसाच खिशात ठेवला. मांडवात पोचलेलं रुखवत परत मागायला कुठला बाप जाईल?

लेक बस्त्याच्या गाठोड्यावर बसली. रडली नाही. नुसतं म्हणाली, “आजी, आता मला जन्मभर ऐकवतील.”

आत्याबाईंचा अडकित्ता थांबला. अर्धी कातरलेली सुपारी त्यांनी तशीच चंचीत टाकली.

“म्या दिलं,” त्या उठत म्हणाल्या, “म्या करते.”

लग्न परवावर आलेलं. मी करायला बसले असते, नाही असं नाही. पण नवरीच्या आईला लग्नघरात बसायला मिळत नाही, असा कायदा आहे. मुहूर्तमेढ रोवली आणि पाहुण्यांचं धरण फुटलं. एका मामांना साखर चालत नव्हती, दुसऱ्यांना साखरेशिवाय चालत नव्हतं आणि दोघं एकमेकांचे चहा पिऊन माझ्यावर चिडत होते. एक आत्या आंघोळीला गेली ती मला वाटतं लग्न लागल्यावरच बाहेर आली. मी पळत होते, आणि आतल्या खोलीचं दार बंद होतं. मधूनच मालकांना आत ओढून घेतलं जाई, मधूनच लेकीला. हळद लागायच्या आधी तिच्या बोटांना डिंक लागलेला मी पाहिला.

एकदा चहा द्यायच्या निमित्तानं दार ढकललं. आत्याबाईंनी चष्मा नाकावर ओढून सांगितलं, “पाव्हणे बघ तू.” पण तेवढ्यात मला जे दिसलं, त्यानंतर तो चहा मीच पिऊन टाकला.

लग्नाच्या दिवशी ते टेबलावर मांडलं. आत्याबाईंनी गोधडीच्या चिंध्या कोंबून हत्ती केला होता. त्याचे चार पाय चार वेगवेगळ्या हत्तींचे होते. मालकांनी हळकुंडांची बैलगाडी केली होती; तिच्या एका चाकाची दुसऱ्या चाकाशी ओळखही नव्हती, आणि बैल होते की उंदीर, हे बैलांनाही सांगता आलं नसतं. लेकीनं लोकरीचं तोरण विणायला घेतलेलं, ते मध्येच संपलं होतं आणि पुढं नुसती गाठ होती. मी पंचक्रोशीची रुखवतवाली, माझ्याच पोरीच्या मांडवात, त्या टेबलाशेजारी उभी राहिले. जमीन दुभंगून धरणीमाईनं सीतेसारखं मला पोटात घ्यावं म्हटलं, तर जमिनीवरही सतरंजी टाकलेली.

विहीणबाई आल्या. मागं त्यांच्या बायकांचा लोंढा, त्यात थोरली सून. मांडवातला डीजेसुद्धा थांबल्यासारखा मला वाटला. नंतर कळलं, त्याची वायर निघाली होती.

विहीणबाईंनी हत्ती उचलला. “हे काय हाय?”

“हत्ती,” आत्याबाई म्हणाल्या. हवालदारासारख्या उभ्या होत्या त्या.

“सोंड कुठं हाय?”

“म्होरं.”

“मंग मागं काय हाय?”

“ती बी सोंडच समजा. जास्तीची.”

मागून एक बाई फिसकन हसली. लेक बाशिंगाआडून माझ्याकडं बघत होती. विहीणबाईंनी हत्ती उलटा केला. पोट चाचपलं. टाके बघितले, ते असे की गोणी शिवावी. डिंकाचा वास घेतला. गाडी उचलली, तर तिचं चाक घरंगळत थोरल्या सुनेच्या पायाशी गेलं. तोरण हातात धरून ते संपलं तिथल्या गाठीवर त्यांनी अंगठा फिरवला. मी मनात म्हटलं, आता ऐका. आता जन्मभर ऐका.

विहीणबाई वळल्या आणि आपल्या लोंढ्याला म्हणाल्या, “बघा गं! याला म्हणायचं हातचं! एवढं वाकडं विकत कोण देईल?”

आणि पुढं होऊन त्यांनी माझ्या लेकीवरून कडाकडा बोटं मोडली. “माय माझी! सुई धरता येत न्हाई तरी एवढा जीव लावून केलं! आन् आई एवढी रुखवतवाली असून आईचा हात लावू दिला न्हाई!”

थोरली सून चाक हातात घेऊन उभी होती. तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, हिला सगळं कळलं. पण तिनं चाक परत गाडीला लावलं. उलटं.

तिकडं फाट्याकडच्या लग्नात औंढ्याचं देऊळ, पाण्याची विहीर आणि आरशांचा हत्ती मांडला गेला. वरमाईनं लांबूनच नाक मुरडलं म्हणे. “दुकानातलं आणलं, दुसरं काय!” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम एका फटक्यात दुकानातलं ठरलं. त्या मुलीच्या बापानं मला फोन करून विचारलं, “ताई, थोडं बिघडवून देता आलं नसतं का?”

मी हसले. पण लग्नघरच्या पाहुण्यांनी आतल्या खोलीतलं गुपित विहिणीचं घर सोडून सगळीकडं पोचवलं, आणि पुढच्या लग्नसराईत बायका दारात आल्या आणि मला ओलांडून सरळ आत गेल्या. “हत्तीवाल्या आजी कुठं हायत?” आत्याबाईंनी ओसरीवर बैठक घातली. आता त्यांना स्वयंपाकाला वेळ नसतो. गिऱ्हाइकाला माझा हंस दाखवून त्या सांगतात, “हे लई सरळ हाय. कुणाला खरं वाटायचं न्हाई.” मी एकदा मुद्दाम मोर वाकडा केला. त्यांनी तो उजेडात धरला आणि परत दिला. मुद्दाम वाकडा केलेला कळतो म्हणे, त्यात जीव नसतो.

परवा लेक माहेरी आली. तोंड उतरलेलं. म्हटलं, ऐकवतात की काय?

“ऐकवत न्हाईत गं. लई कौतुक करतात, तीच तकलीफ हाय. आता नणंदेचं लग्न जमलं. सासूबाई म्हनल्या, रुखवत तूच कर. सगळ्या भावकीसमोर, अंगणात बसून. आई, मला हत्ती शिकायचाय.”

“ये की,” मी सुईदोरा काढला. “बस माझ्यापाशी.”

ती मागं सरली. “तुझ्यापाशी न्हाई. तुझं बघून हात सुधरंल माझा, मंग काय करू?”

ती आतल्या खोलीत आजीजवळ जाऊन बसली. दार लागलं. थोड्या वेळानं आतून चिंध्या फाडल्याचा आणि दोघींच्या हसण्याचा आवाज आला, आणि मग आत्याबाईंचा हुकूम.

“अगं ए, चहा कर. आन् आत येऊ नको, दारातूनच दे.”