आधी नावं, मग धान्य

आमच्या गावात रेडिओ केंद्र होतं असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ते चालवणारी पोरं स्वतःला एवढी मोठी समजत होती, की कुणीतरी हसायला हवंच होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात मावशीकडे राहून कॉलेज करत होते आणि सुट्टीत मुळशीकडे घरी यायचे. आमच्या कॉलेजनं एका वर्षी गावात श्रमदानाचं शिबिर भरवलं. शहरातली पोरं आली, त्यांनी ओढ्यावर अर्धा बांध घातला, हाताला फोड आल्याचे फोटो काढून घेतले आणि गेली. बांध गुरांनी तुडवून सपाट केला. मागे राहिलं ते एक आवाज मोठा करायचं मशीन, एक माइक, एक पत्र्याचा कर्णा आणि मोटारीची बॅटरी. गावातली आम्ही पाच जणं कॉलेजात होतो. चार मुलगे आणि मी. माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, कर्णा शाळेच्या कौलांवर बांधला आणि जाहीर केलं, की आजपासून हे आपलं केंद्र. पगार कुणालाच नाही, सगळे सेवक. सेवेची हौस एवढी, की घरच्या गोठ्यातलं शेण काढायला मात्र यातल्या एकाही सेवकाला कधी वेळ मिळाला नाही.

रेडिओ कसला डोंबलाचा! हवेतून काही जात नव्हतं. माइकमध्ये बोलायचं, ते कर्ण्यातून बाहेर पडायचं, बस्स. पण दादा बोलायचा मात्र पुण्याच्या रेडिओवरच्या निवेदकासारखा, नाकातून. संध्याकाळी दिवेलागणीला कार्यक्रम सुरू व्हायचा. सुरुवातीचा नमस्कार माझा, कारण बाईचा आवाज ऐकला की माणसं गोळा होतात, असा चौघांचा शोध. नमस्कार झाला की मी गप्प बसायचं. मग बाजारभाव, मग एखादं भजन, मग दादाचं ग्रामसुधारणेवर भाषण. ते तर गुरंसुद्धा ऐकत नसत.

एकच गोष्ट कामाची होती. रेशनचं धान्य गावात आलं, की उद्या सकाळी वाटप आहे, हे कर्ण्यावरून सांगायचं. गावाला त्याचं काही नव्हतं, दुकान डोळ्यांसमोरच. पण डोंगरावरच्या वाडीला होतं. तिथली माणसं आधी नुसत्या अंदाजानं खाली उतरायची. दुकान बंद बघून परत चढायची. रोजही बुडायचा आणि हातही रिकामे. कर्णा आल्यापासून वाडीवर आवाज पोचायला लागला. आमच्याकडे लाकडाच्या मोळ्या घेऊन येणारी वाडीवरची एक बाई होती, मी तिला मावशीच म्हणायचे. ती म्हणायची, "तुमचा कर्णा बोलला की आमी निघतो बगा. लई ब्येस केलंत." त्या उन्हाळ्यात तिची लेक बाळंतपणाला आली होती. घरात धान्य नव्हतं, कंद उकडून चाललं होतं. पुढचं धान्य कधी येतंय, हे तिनं मला दोनदा विचारलं होतं. "कंदावर दूध कुटनं यायचं गं पोरीला?" म्हणाली होती.

आता, बॅटरी भरायची तर पुण्याला न्यावी लागे. आमच्याच खोऱ्यातलं पाणी अडवून केलेल्या विजेवर मुंबईत पंखे फिरत होते आणि आमच्या गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता. आम्ही आपले बॅटरी पोत्यात घालून एसटीच्या टपावर चढवायचो. त्याला पैसे लागत. म्हणून दादानं वर्गणीची युक्ती काढली: जो पैसे देईल, त्याचं नाव कर्ण्यावरून घ्यायचं.

झालं! ज्या माणसांनी शाळेच्या गळक्या कौलांसाठी कधी दमडी सोडली नव्हती, ती सव्वा रुपया मुठीत घेऊन रांगेत उभी राहायला लागली. नुसतं नाव चालायचं नाही. बापाचं हवं, आज्याचं हवं, घराला कोणता मान आहे तेही हवं. नाव कर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत माणूस उभाच, मान वर करून. बाहेर पडलं की मिशीवरून हात फिरवून खाली बसायचा. आणि धान्याची सूचना? ती दादानं मुद्दाम शेवटी ठेवलेली. आधी सांगितली तर लोक उठून जातील आणि देणगीदारांची नावं ऐकायला राहणार कोण? एवढी अक्कल त्यानं अभ्यासात वापरली असती तर पास तरी झाला असता.

त्या दिवशी धान्य आलं. रेशन दुकानदारानं स्वतः येऊन दादाला सांगितलं आणि जाता जाता सगळ्यांत मोठी देणगीही दिली. "माझं नाव जरा सावकाश घ्या," म्हणाला. सूचना मी सांगायची ठरली. मी माइकशेजारी बसून वाट बघत होते.

नावं सुरू झाली. दादानं पहिलं नाव घेतलं ते धाकट्या पातीच्या माणसाचं, कारण तो रांगेत पुढं होता. झाली की बोंब! आमच्या गावात होळीला पहिली पोळी थोरल्या पातीची, हे शेंबड्या पोरालाही माहीत. थोरली पात, म्हणजे भावकीतली थोरली शाखा, आमचंच घर. माझे थोरले चुलते, म्हणजे दादाचे वडील, धोतर सावरत उठले. "आमी हितं मेलोय व्हय रं? पुन्यांदा घे पयल्यापासनं!"

दादानं पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि भरपाई म्हणून बापाचं नाव दोनदा घेतलं. मग धाकटी पात उठली. आमचं नाव एकदाच आणि त्यांचं दोनदा का? आमचंही दोनदा झालं पाहिजे. घेतलं. मग बाकीचे म्हणाले, आम्ही काय पैशाऐवजी चिंचोके दिलेत? दुकानदार शेजारी उभा राहून म्हणत होता, "चालू द्या, चालू द्या, घाई काय हाय?" मी दादाची बाही ओढली. म्हटलं, "धान्याचं सांगू दे आधी." तर माइकवर हात ठेवून मला म्हणतो, "थांब गं, केंद्राच्या पोटापाण्याचं चाललंय."

केंद्राच्या पोटापाण्याचं!

दुकानदाराच्या आज्याच्या नावाशी आवाज घोगरा झाला. बापाच्या नावाशी बसला. त्याचं स्वतःचं नाव अर्धं झालं आणि कर्णा फरफर करून गप्प झाला. बॅटरी संपली. बॅटरी भरायला पैसे हवेत म्हणून नावं घेतली आणि नावं घेता घेता बॅटरीच खाऊन टाकली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो असा.

मी म्हटलं, निदान कुणीतरी वाडीवर जाऊन सांगा. चौघे सेवक एकमेकांकडे बघायला लागले. एकाला अंधारात रान नको होतं, एकाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी निघाले तर आईनं हात धरून घरात बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटप झालं आणि दुपारच्या आत दुकानाला कुलूप.

त्यानंतरच्या दिवशी मावशी मोळी घेऊन आली. धान्य येऊन गेल्याचं मी सांगितलं, तर ती मोळीला टेकून तशीच बसली.

"ऐकत व्हतो की आमी," ती म्हणाली. "समद्यांची नावं ऐकली. दोन-दोनदा ऐकली. मंग कर्णा गप झाला. आमी म्हनलं, धान्य न्हाई आलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले, पण ते किती दिवस पुरणार? मी तडक दुकानदाराकडे गेले. तो गादीवर बसून दात कोरत होता.

"संपलं," तो म्हणाला. "तुमी कर्न्यावरनं सांगाय पायजे व्हतं, पोरी."

मला तेव्हा त्याच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली. अजूनही वाटते.

बॅटरी पुण्याहून भरून आली त्या संध्याकाळी शाळेपुढे सगळं गाव बसलं होतं, कारण राहिलेली नावं पुन्हा घ्यायची होती. दुकानदार धुतलेला सदरा घालून पुढेच. मी नमस्कार केला आणि गप्प बसायच्या जागी बसले नाही. म्हटलं, "आजची पहिली देणगी डोंगरावरच्या वाडीकडून. मागच्या वेळी आपली नावं दोनदा घेण्यात बॅटरी संपली, म्हणून वाडीला धान्याची खबर गेली नाही. वाडीनं आपल्या वाट्याचं सगळं धान्य या केंद्राला दिलं आहे. एका बाळंतिणीच्या तोंडचा घासही त्यात आहे. एवढी मोठी देणगी आजवर कुणी दिलेली नाही. आता ते धान्य कुणाच्या घरात आहे, तेवढं मात्र आम्हाला माहीत नाही."

दादानं माइक हिसकावला. थोरले चुलते म्हणाले, पोरगी कॉलेजात जाऊन नासली. चौघा सेवकांनी तिथल्या तिथं ठरवलं, की मी यापुढे माइकला हात लावायचा नाही. पण कर्णा डोंगरापर्यंत पोचायचा तसा पौडच्या रस्त्यापर्यंतही पोचायचा, आणि पौडला रेशनचा हिशेब तपासणारा मामलेदार बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराला एकाएकी धान्याची पोती 'सापडली'. मागच्या खोलीत, म्हणे, नजरचुकीनं राहिली होती. नजरचूक बघा केवढी, पोत्यांएवढी! मी तशीच वाडी चढून निरोप दिला. या वेळी आईनं अडवलं नाही.

संध्याकाळी मावशी डोक्यावर धान्याचं गाठोडं घेऊन शाळेवरून निघाली होती. मी तिच्यासोबत ओढ्यापर्यंत चालले होते. वर कर्णा सुरू होता. दादा नाकातून सांगत होता, की आपल्या गावच्या दानशूर दुकानदारांनी वाडीवरच्या गोरगरिबांना आज धान्य दिलं आणि त्याबद्दल केंद्रालाही सव्वा रुपया दिला. बापाचं नाव झालं, आज्याचं झालं. सावकाश घेतली सगळी, बॅटरी नवी भरलेली होती.

मावशी थांबली. गाठोडं एका हातानं सावरत तिनं वर कर्ण्याकडे बघितलं.

"ताई, कुनी कुनाला दिलं म्हनं?"

"दुकानदारानं, मावशी. तुम्हाला."

"मला?" ती म्हणाली. "मी तर पैसं मोजून घेतलं. गोनपाटाचं बी लावलं त्यानं."